मध्यान्होत्तर रुजू

"या, दोन तारीख. बसा," तारीखमास्तर म्हणाले.

"एक तारीख," कॅप्टन म्हणाला.

"पुस्तकात दोन आहे."

कॅप्टन बसला. नोंदणी कार्यालयात ही त्याची तिसरी खेप होती आणि बाकाची कोणती फळी मांडीला चिमटा काढते हे आता त्याला पाठ झालं होतं. छतापर्यंत लोखंडी रॅक, त्यांत दोऱ्याने आवळलेले गठ्ठे, आणि खोलीच्या टोकाला टेबलामागे तारीखमास्तर. पद मुख्य लिपिकाचं. सैन्यातल्या झाडून सगळ्या अधिकाऱ्यांच्या रुजू होण्याच्या तारखा त्यांच्या जिभेवर असत आणि नाव मात्र एकाचंही ध्यानात राहत नसे. त्यामुळे ते समोरच्याला त्याच्या तारखेनेच हाक मारत. कोणी रागावत नसे. ज्याची बढती त्या तारखेवर अडलेली असते त्याला राग परवडत नाही.

"परत एकदा सांगू का?" मास्तरांनी विचारलं.

"सांगा. कदाचित या वेळी वेगळं ऐकू येईल."

मास्तरांनी सेवापुस्तक उघडलं. कॅप्टन बारा वर्षं पुरवठा शाखेत होता. पिठाची पोती, टायर, रॉकेलची पिंपं, कांबळी. त्यातली शेवटची चार वर्षं कचेरी सुटल्यावर त्याने कायद्याचा अभ्यास केला होता, कारण त्याच्या गोदामातल्या एका साध्या कामगारावर चोरीची चौकशी बसली तेव्हा त्या बापड्याच्या बाजूने बोलायला एकही माणूस उभा राहिला नव्हता. पदवी मिळाली, विधी शाखेने त्याला घ्यायचं कबूल केलं, आणि आता प्रश्न उरला होता हुद्द्याचा. शाखा बदलली की जुनी सेवा निम्मी धरतात. पुरी झालेली दोन वर्षं, तेव्हा नवं एक. विधी शाखेत कॅप्टन राहायला अशी सहा लागतात. मागच्या महिनाअखेरपर्यंत बारा वर्षं पुरी भरली असती, तर बाराची सहा झाली असती आणि खांद्यावरचे तीन तारे जागेवर राहिले असते.

"पण भरली नाहीत," मास्तर म्हणाले. "एक दिवस कमी. तुम्ही एक तारखेला आलात खरे, पण पुस्तकात लिहिलंय मध्यान्होत्तर रुजू. दुपारनंतर सही केली की सेवा दुसऱ्या दिवसापासून. म्हणजे बारा वर्षं नाहीत, अकरा. वरचे तीनशे चौसष्ट दिवस गेले हवेत. अकराची झाली पाच. पाचला लेफ्टनंट."

"एका दुपारपायी एक तारा."

"आणि मागची कॅप्टनकी धरायची नाही. दोन वर्षं लेफ्टनंट, मग पुन्हा नवे कॅप्टन." मास्तरांच्या आवाजात दुष्टावा नव्हता. तीस वर्षं हेच सांगून आवाज झिजून गुळगुळीत झाला होता. "फाटकावरची नोंदवही मिळाली असती तर काम झालं असतं. तुम्ही सकाळी पोचलात हे तिच्यात असणारच. पण त्या वह्या दहा वर्षांनी जाळतात."

"मग?"

"मग साक्षीदार. त्या दिवशी तिथे असलेल्या अधिकाऱ्याचं निवेदन. तुम्ही सकाळी हजर होतात आणि तुमचा दोष नसताना सही दुपारी झाली, एवढं त्याने लिहून द्यायचं. मात्र विधी शाखेत रुजू व्हायच्या आधी. एकदा तिथे लेफ्टनंट म्हणून सही केलीत की दिलेला हुद्दा मान्य केलात असं धरतात. मग ब्रह्मदेव आला तरी उपयोग नाही."

त्या दिवशी त्याला फाटकावर पाहिलेला अधिकारी एकच होता, आणि त्याचं नाव ऐकून कॅप्टनची बायको ठरल्यासारखी कपाळाला हात लावणार होती.

त्याला सगळे निवांत म्हणत. प्रशिक्षणात दोघांची जोडी लावलेली. एका खोलीत, एका रांगेत, शिक्षा झाली तर दोघांना. अशा जोडीला पहिली नेमणूक एकाच ठिकाणी मिळाली तर दोघांनी बरोबरच रुजू व्हायचं, अशी रीत होती. नियम नव्हता. नियम असता तर कुठेतरी लिहिलेला सापडला असता आणि कॅप्टनने तो मास्तरांच्या टेबलावर आपटला असता. पण रीत मोडली तर जन्मभर लोक तोंडावर बोलतात. म्हणून बारा वर्षांपूर्वी चोवीस वर्षांचा एक नवा अधिकारी सकाळी अकराला फाटकावर पोचला, आत न जाता आपल्या पत्र्याच्या ट्रंकेवर बसला, आणि दोन वाजेपर्यंत बसून राहिला. जवळ एक पाव होता. अर्धा त्याने खाल्ला आणि अर्धा निवांतसाठी कागदात गुंडाळून ठेवला. निवांत आला तो घामाघूम, हसत, गाडी चुकली म्हणत.

आत हजेरी बघणाऱ्या ॲडज्युटंटने विचारलं, "उशीर कोणामुळे?" निवांतच्या पुस्तकात उशिराचा एक लाल शेरा आधीच होता. दुसरा लागला असता तर त्याला परत पाठवलं असतं. तेव्हा कॅप्टन म्हणाला, "माझ्यामुळे, सर." आठ दिवस जादा पहारा केला आणि विसरून गेला. निवांतने त्या रात्री त्याला मिठी मारली होती. पुढे मेसमध्ये हा किस्सा निघायचा तेव्हा शेरा उकरला जाऊ नये म्हणून दोघंही सांगताना उशीर कॅप्टनच्याच नावावर घालत. खोटं असं मीठमसाला लावून पाच-सात वर्षं सांगितलं की त्याला खऱ्याचा रंग चढतो.

निवांत आता मेजर होता. शाखा बदलायचा अर्ज केलेल्यांची बढती रोखून ठेवतात, म्हणून कॅप्टन मागे राहिला आणि निवांत पुढे गेला. त्याच्या खोलीत मोठं टेबल होतं, खिडकीत दोन कुंड्या होत्या आणि भिंतीवरचं घड्याळ बंद होतं.

"अरे ये ये लेका, वकीलसाहेब!" तो खुर्चीतून उठून आला. कॅप्टनने सलाम केला तो त्याने हातानेच झटकून टाकला. चहा मागवला, पाठीत धपाटा घातला, बायकोची आणि वडिलांची चौकशी केली. माणूस लोण्याचा होता, त्याबद्दल कोणाचं दुमत नव्हतं.

कॅप्टनने काम सांगितलं. "मी अकराला फाटकावर होतो, तू दोनला आलास, मी तुझ्यासाठी बाहेर थांबलो. एवढंच लिहून हवंय."

निवांत क्षणभर त्याच्याकडे बघत राहिला आणि मग पोट धरून हसला. "लेका, उलटं बोलतोयस. थांबलो होतो मी! त्या तुझ्या ट्रंकेवर बसून कंबरेचा काटा ढिला झाला होता माझ्या."

"ट्रंक माझी होती ना? मग मी नव्हतो तर ती फाटकावर आली कशी?"

"सामान आधी पाठवलं असशील. तू पहिल्यापासून व्यवस्थित." निवांत डोळे पुसत म्हणाला. "ॲडज्युटंटने विचारलं तेव्हा तू स्वतः कबूल केलंस. माझ्या कानांनी ऐकलंय मी."

"तुझा शेरा वाचवायला."

"माझा शेरा?" निवांतने खरोखर आठवायचा प्रयत्न केला. कपाळाला आठ्या पडल्या, नजर कुंड्यांकडे गेली आणि रिकामी परत आली. ढोंग नव्हतं त्यात. ढोंग असतं तर कॅप्टन भांडला असता. जे माणसाने चोरलेलंच नाही ते त्याच्याकडून परत कसं मागायचं? ही चोरी आपणच त्याच्या खिशात घातली, कॅप्टनच्या मनात आलं, आणि त्याला एकदम फार थकल्यासारखं झालं.

"जाऊ दे ना," निवांत म्हणाला. "कागद आण. लिहून देतो. तुझा तारा वाचत असेल तर एक खोटं लिहायला मला काय जड आहे? तूही माझ्यासाठी लिहिलं असतंस."

"हे खोटं नाही, निवांत."

"नाही, नाही. अगदी खरंय." त्याने डोळा मारला आणि लिहायला बसला. अक्षर मोत्यासारखं. कॅप्टनने सांगितलं तेच, शब्दाला शब्द. मी दुपारी दोन वाजता पोचलो. सदर अधिकारी सकाळी अकरापासून माझी वाट पाहत होता. आणि शेवटी ठरलेली ओळ, वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे व आठवणीप्रमाणे खरा आहे. खाली लांबलचक सही. "मेसमध्ये सांगायला बरं झालं," तो टोपण लावत म्हणाला. "मी एका वकिलाला खोटी साक्ष दिली म्हणून."

कॅप्टनने कागदाची घडी करून खिशात ठेवली. चहा प्यायला. कडू लागला नाही, गोड लागला नाही.

घरी बायकोने कपाळाला हात लावलाच. मग कागद वाचला. ती दवाखान्यात औषधं देण्याचं काम करायची, कागद दोनदा वाचायची तिला सवय होती.

"सगळं बरोबर आहे की. उद्या देऊन टाक."

"तो म्हणतो हे खोटं आहे."

"पण ते खरं आहे."

"त्याच्या लेखी नाही. त्याच्या लेखी तो खोटी शपथ घेतोय आणि मी ती घ्यायला लावतोय. उद्या मी एखाद्या गोदामवाल्याच्या बाजूने उभा राहणार. साक्षीदाराला विचारणार, तुम्हाला आठवतंय तेच लिहिलंय का? कोणत्या तोंडाने विचारू?"

"ज्या तोंडाने तेव्हा ॲडज्युटंटला खोटं सांगितलंस त्याच." ती रागावली होती. तिला राग त्याचा नव्हता, बारा वर्षं पोसलेल्या त्या किश्शाचा होता. "ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं. तुला कोणी सांगितली होती एवढी मोठी माया?"

"तो मुद्दाम करत नाहीये गं."

"तेच तर. मुद्दाम करत असता तर मी जाऊन चार शब्द सुनावून आले असते."

आतल्या खोलीत ब्रशचा आवाज थांबला. कॅप्टनचे वडील तिथे खाटेवर बसलेले होते. त्यांनी उभं आयुष्य सैन्याचे ट्रक चालवले होते आणि समोरून येणाऱ्या प्रत्येक ताऱ्याला सलाम ठोकला होता. मुलगा कॅप्टन झाला त्या दिवसापासून दर रविवारी ते त्याचे तीन-तीन तारे काढून, फडक्यावर मांडून, पॉलिश करत. नजर अधू झाली होती, तरी बोटांनी मोजत. एक, दोन, तीन. मग दुसरा खांदा.

"किती उरणार?" त्यांनी आतूनच विचारलं.

"दोन, बाबा."

ब्रश डबीत ठेवल्याचा आवाज आला. "बरंय," मग ते म्हणाले. "हातही हल्ली दुखतो. कमी घासावं लागेल."

बायकोने तोंड फिरवलं आणि ओट्याकडे गेली. कॅप्टन तिथेच उभा राहिला. त्याला वडिलांचं वाईट वाटत होतं, स्वतःचं वाटत होतं, आणि त्या दोन्हीपेक्षा जास्त, त्याला आता कुठेतरी आडवं पडून आठ दिवस कोणाशी काही बोलायचं नव्हतं.

त्याने निवेदन दिलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. एकदा नोंदणी कार्यालयाच्या पायरीपर्यंत जाऊन परत आला. विचार करत होता म्हणावं तर तसंही नव्हतं. कागद खिशात होता, वेळ होता, आणि रुजू व्हायच्या दिवसापर्यंत दोन्ही त्याच्याजवळच राहिले.

आदल्या संध्याकाळी निवांतचा फोन आला. "विधी शाखेत सोडायला मी येणार. जोडीने रुजू झालो होतो, जोडीनेच सोडतो. नऊला दारात गाडी. एकटा गेलास तर याद राख."

सकाळी आठलाच कॅप्टन तयार होऊन बसला. खांद्यांवर दोन-दोन तारे. तिसऱ्याच्या जागी कापडात दोन बारीक भोकं राहिली होती. बायकोने ती आतून दोऱ्याने आवळली होती, तरी माहीत असलेल्याला दिसत होती. दाराशी तीच जुनी पत्र्याची ट्रंक, आता कायद्याच्या पुस्तकांनी भरलेली. नऊ वाजले. साडेनऊ झाले. फोन केला तर निवांत म्हणाला, "निघालोच." दहा वाजता म्हणाला, "हा काय, कोपऱ्यावर आहे." कोणत्या गावाचा कोपरा ते मात्र कळलं नाही.

साडेदहाला बायकोने भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. वडिलांनी पाहिलं नाही, कारण त्यांना दिसत नव्हतं. पण विचारलं, "वाजले किती?"

"साडेदहा."

"कचेरी गावाच्या दुसऱ्या टोकाला. ट्रक असता तरी पाऊण तास."

कॅप्टन उठला. बारा वर्षांत प्रथमच तो निवांतसाठी थांबला नाही, आणि तरी दाराबाहेर पडताना त्याने एकदा कोपऱ्याकडे बघून घेतलं. बायकोने हातात कागदात गुंडाळलेला पाव दिला, टॅक्सीवाल्याने कुरकुरत ट्रंक मागे चढवली, आणि तो गेला.

विधी शाखेच्या फाटकात पोचायला अकरा वाजून दहा मिनिटं झाली. ट्रंक आत न्यायला भांडारपालाची चिठ्ठी लागणार होती आणि भांडारपाल बाहेर गेला होता, जेवूनच येणार होता, म्हणून पहारेकऱ्याने ती फाटकाबाहेर भिंतीला लावून ठेवली. आत एका लिपिकाने मोठी वही पुढे सरकवली. हुद्द्याच्या रकान्यात लेफ्टनंट आधीच लिहिलेलं होतं. लिपिकाने एकदा त्याच्या कानशिलावरच्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, एकदा ताऱ्यांकडे. छत्तीस वर्षांचा लेफ्टनंट म्हटला की लोकांना वाटतं याने काहीतरी दिवे लावले असणार.

त्याचा हात खिशाकडे गेला. कागद तिथे होता. आत्ता दिला असता तरी चाललं असतं, ही शेवटची वेळ होती. मग त्याने हात बाहेर काढला आणि पेन घेतलं.

"अकरा वीस," लिपिक म्हणाला. "मध्यान्हपूर्व लिहितो."

"लिहा. ठळक लिहा."

सही करून तो बाहेर आला. दुसरं काही काम नव्हतं. ट्रंकेजवळ आला आणि तिच्यावर बसला. ऊन भिंतीवर चढलं होतं. भूक लागली तेव्हा त्याने पाव सोडला, अर्धा खाल्ला, आणि उरलेला काही विचार न करता पुन्हा कागदात गुंडाळला.

निवांतची जीप सव्वा वाजता आली. मित्राच्या घरी जाऊन त्याच्या बायकोच्या शिव्या खाऊन आला असावा, कारण उतरल्या उतरल्या त्याने दोन्ही हात वर केले. "चुकलं! चुकलं! पण लेका, थांबायचं ना माझ्यासाठी!"

लेफ्टनंट उठला आणि मेजरला करायचा तसा सलाम केला. निवांतने तो झटकला. तेवढ्यात लेफ्टनंटने हातातली पुरचुंडी त्याच्यापुढे धरली, कारण ती हातात होती आणि निवांत समोर होता. "खाल्लंयस का?"

"कुठलं खातोय. तसाच धावत आलो." निवांतने कागद सोडला, घास घेतला, आणि चावता चावता थांबला. हातातल्या अर्ध्या पावाकडे पाहिलं. ट्रंकेकडे पाहिलं. मग भिंत, फाटक, पहारेकरी. गालातला घास तसाच होता.

"तेव्हासुद्धा अर्धा ठेवला होतास," तो हळू म्हणाला.

"हो."

"शिळा झाला होता. मी गाडी चुकवून आलो होतो आणि तू…" त्याने कसाबसा घास गिळला. "तू फाटकावर असाच बसला होतास. मी लांबून बघितलं होतं तुला."

"हो."

"मग सांगितलं का नाहीस मला?"

"सांगितलं होतं. तुझ्या खोलीत."

निवांतचा मोठा चेहरा कोणीतरी हवा काढून घ्यावी तसा खाली आला. तो चटकन ट्रंकेच्या दुसऱ्या टोकाला बसला, पुन्हा उठला. "तो कागद कुठाय? दिला नाहीस ना अजून? आण, फाड तो. मी परत लिहितो. या वेळी खरं लिहितो."

"मजकूर तोच राहील, निवांत."

"मग तोच दे! चल, आत जाऊ. मी स्वतः सांगतो त्यांना."

"अकरा वीसला सही केली मी."

निवांतला नियम ठाऊक होता. प्रत्येकाला असतो. तो पुन्हा बसला आणि या वेळी उठला नाही. टोपी काढून त्याने मांडीवर ठेवली. दोघं बसले, मध्ये वीतभर जागा सोडून. निवांतने उरलेला पाव खाल्ला नाही आणि टाकलाही नाही.

"बाबांना काय सांगितलंस?" त्याने विचारलं.

"ते म्हणाले, घासायला एक कमी."

निवांतने मान खाली घातली. लेफ्टनंटला त्याची कीव आली, आणि काही समजुतीचं बोलावं असं वाटलंही. पण दमला होता. बारा वर्षं समजूतच घातली होती. 

भांडारपाल जेवून दात कोरत परत आला. फाटकात मेजर आणि लेफ्टनंट एकाच पेटाऱ्यावर बसलेले पाहून त्याने घाईने सलाम केला आणि चिठ्ठ्यांचं पुस्तक काढलं.

"ट्रंक कोणाची लिहू, साहेब?"

"याची," निवांत म्हणाला आणि उठून त्याने एका बाजूची कडी धरली. "तेव्हाही याचीच होती."